पाटणादेवीचा एक दिवस: लहान मुलं, आजी-आजोबा आणि गौताळ्यातली जनावरं

प्रश्न असा आहे: जळगावची दोन कुटुंबं, मिळून नऊ माणसं. सगळ्यांत धाकटं मूल पाच वर्षांचं, आजी-आजोबा सत्तरीतले. दिवाळीच्या सुट्टीत एकच दिवस हाताशी आहे. काहीतरी पाहण्यासारखं हवं, मुलांना रानातली जनावरं दिसायला हवीत, आणि बिबट्या-अस्वलाची धास्तीही आहे. अजिंठा, पितळखोऱ्याची लेणी आणि पाटणादेवी एकाच दिवसात उरकतील का?

उरकतील, पण तसं करू नका. तिन्ही ठिकाणं धरली की निम्मा दिवस गाडीत जातो आणि जनावरं दिसण्याची जी खरी वेळ, पहाटेची, ती रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर संपते. एकच ठिकाण धरा: पाटणादेवी. चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटर, सातमाळ्याच्या डोंगरांच्या कुशीत. हा सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. १९८६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचं आहे. खालची बाजू जळगाव जिल्ह्यात, वरचं पठार कन्नड तालुक्याकडे. देऊळ, जुनं महादेव मंदिर, कोरीव लेणी, नदीचं पात्र आणि धबधबा हे सगळं पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. म्हाताऱ्या माणसांना देवळापाशी सावलीत बसता येतं, मुलांना खडकांवरून चालता येतं, कोणालाच मन मारावं लागत नाही.

रावेर-यावलकडच्या मंडळींनी याच पद्धतीने पाल या गावचा बेत करावा. यावल अभयारण्य आणि सातपुड्याचं रान त्यांना जवळ पडतं. नंदुरबार-शहाद्याच्या लोकांनी तोरणमाळला जावं, मात्र तिथे एक दिवस कमीच पडतो. पुढे लिहिलेलं बहुतेक सगळं तिकडेही तसंच लागू आहे.

आधी मुलांना एक गोष्ट घरीच सांगून ठेवा: ही जिप्सीतली सफारी नाही. गौताळ्यात काळ्या तोंडाची वानरं नक्की दिसतात, मोर जवळपास नक्की दिसतात. रोही (नीलगाय), रानडुक्कर, मुंगूस, घोरपड दिसायची चांगली शक्यता असते. मोकळ्या माळावर नशीब असेल तर चिंकारा. भेकर, म्हणजे भुंकल्यासारखं ओरडणारं हरीण, बहुधा नुसतं ऐकू येतं. बिबट्या, अस्वल, तरस, लांडगा इथे आहेत, पण दिवसा माणसांच्या वाटेवर ते क्वचितच येतात. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघसुद्धा इथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला होता. ‘बिबट्या दाखवतो’ असं वचन देऊन मुलांना नेलं तर हातात आलेली वानरं आणि मोरही त्यांना फिके वाटतात. त्याऐवजी ‘कोण येऊन गेलंय ते शोधायचं’ असं सांगितलं की पाच वर्षांचं मूलही दोन तास खाली बघत चालतं.

वेळेचं गणित साधं आहे. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. जनावरांची हालचाल उजाडल्यापासून पहिले दोन-अडीच तास आणि मावळतीआधीचा एक तास. मधल्या वेळात सगळं रान झोपल्यासारखं असतं. म्हणून जळगावहून पहाटे चारला निघा. पाचोरा-भडगावमार्गे चाळीसगाव सुमारे १०० किलोमीटर आहे. अंधारात सव्वादोन-अडीच तास धरा. धुळ्याहून येणाऱ्यांना साठेक किलोमीटर, म्हणजे पाचला निघालं तरी चालतं. रेल्वेने चाळीसगाव जंक्शनला उतरून पुढे गाडी ठरवता येते, पण ती आदल्या दिवशी फोनवर ठरवून ठेवा. एसटीच्या भरवशावर पहाट साधत नाही. नऊ माणसांना दोन लहान गाड्यांपेक्षा एक तुफान किंवा क्रूझर बरी. इंजिनं दोन असली की आवाज दुप्पट, आणि एक गाडी मागे राहिली की दुसरीचा अर्धा तास वाट बघण्यात जातो.

वनविभागाचा नाका किती वाजता उघडतो, धबधब्याकडची वाट चालू आहे का, एवढं आदल्या दिवशी विचारून ठेवा. बंदोबस्त ऋतूप्रमाणे बदलतो. नाक्यावर थांबायची वेळ आली तरी तो वेळ वाया जात नाही. चाळीसगाव सोडल्यावरचा शेवटचा टप्पा कपाशी-मक्याच्या शेतांमधून जातो आणि रोही बघायची खरी जागा हीच. गाडीचा वेग तीस-चाळीसवर आणा, काचा अर्ध्या खाली घ्या, गाणी बंद करा. रोह्याचा नर निळसर राखाडी, घोड्याएवढा, गळ्याखाली केसांचा झुपका आणि शिंगं आखूड, सरळ. मादी आणि पिलं तपकिरी. एक रोही रस्ता ओलांडून गेला की लगेच वेग वाढवू नका. मागून दुसरा, तिसरा येतोच, आणि गाडीला धडक बसते ती याच दुसऱ्या-तिसऱ्याची.

नाक्यावर तिकीट काढा, गाडी नेमून दिलेल्या जागी लावा आणि देवळात जायच्या आधी डोंगरी नदीच्या पात्रात उतरा. हा क्रम उलटा वाटेल. आजीला आधी दर्शन हवं असेल तर त्यांच्यासोबत एक जण जाऊ द्या. पण पात्रातली ओली रेती सकाळी आठनंतर कामाची राहत नाही. माणसांच्या चपला आणि गावातल्या गुरांचे खूर रात्रीचं सगळं पुसून टाकतात.

रेतीवर काय बघायचं? सूर्याकडे तोंड करून, वाकून, तिरकस बघा. कोवळ्या उन्हात ठशाच्या कडेला सावली पडते आणि ठसा उठून दिसतो. ऊन वर चढलं की तोच ठसा नजरेला सपाट वाटतो. बिबट्याचं पाऊल गोलसर असतं, पुढे चार बोटं आणि मागे गादी. गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात, आणि नखांच्या खुणा नसतात, कारण चालताना मांजरकुळातली जनावरं नखं आत ओढून घेतात. रुंदी साधारण सात-आठ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाची चार बोटं जुळवून ठेवली तर जवळपास झाकला जाईल एवढा. नखांचे ठिपके दिसले तर कुत्रा, कोल्हा, लांडगा किंवा तरस. तरसाचं पुढचं पाऊल मागच्यापेक्षा स्पष्ट मोठं असतं, त्यामुळे ओळीत एक मोठा, एक लहान असे ठसे पडतात. अस्वलाचं मागचं पाऊल अनवाणी मुलाच्या पावलासारखं दिसतं, आणि पुढच्या पावलाच्या बोटांपासून अंतर सोडून लांब नखांचे ओरखडे असतात. ठशाशेजारी पट्टी किंवा दहा रुपयांचं नाणं ठेवून सरळ वरून फोटो घ्या. मुलांकडून त्यांच्या वहीत चित्र काढून घेतलं तर आणखी चांगलं, कारण काढताना बोटं मोजावी लागतात.

ठशांखेरीज इतरही बऱ्याच खुणा सापडतात. रोही वारंवार एकाच जागी लेंड्या टाकतो, त्यामुळे ढीग साठलेला दिसतो. वारुळ वरून फोडून खोल भोक पाडलेलं असेल तर ते अस्वलाचं काम. माती ओली आणि ताजी असेल तर त्या बाजूला पुढे जाऊ नका. काळा-पांढरा, पट्ट्यापट्ट्यांचा काटा सापडला तर तो साळिंदराचा. बघा, फोटो घ्या आणि तिथेच ठेवा. अभयारण्यातून पीस, काटा, शिंग, दगड काहीही घरी आणायचं नसतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि जनावरांना त्रास देणं, अभयारण्यात कचरा टाकणं यालाही त्यात मनाई आहे. मोराचं पीस मुलाच्या हातातून परत खाली ठेवायला लावणं जड जातं, म्हणून नियम गाडीतच सांगून टाका.

आता सहल सर्वांत जास्त वेळा बिघडते ती ज्या गोष्टीने, त्याबद्दल थोडं सविस्तर. ती गोष्ट बिबट्या नाही. ती आहे खाण्याची पिशवी.

पाटणादेवीला भाविक येतात, नारळ-पेढे-केळी घेऊन येतात, आणि वर्षानुवर्षं लोकांनी खायला घातल्यामुळे वानरांना माणूस म्हणजे खाणं हे पक्कं ठाऊक झालं आहे. आपण जळगावकर घरून निघताना केळ्यांची फणी पिशवीत टाकतोच. या सहलीत टाकू नका. केळं लांबूनही ओळखू येतं. पॉलिथिनची पिशवीही नको, कारण तिच्या चुरचुर आवाजावर वानरं झाडावरून खाली येतात. खाणं स्टीलच्या, खटक्याच्या डब्यांत भरा आणि डबे गाडीतच ठेवा. प्रवासाला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा उत्तम. दोन दिवस टिकतात, सांडत नाहीत. भत्ता किंवा चिवडा न्यायचा तर घट्ट झाकणाच्या बरणीत. जेवण देवळाच्या आवारात किंवा झाडाखाली नको. गाडीत, काचा वर करून, किंवा परत चाळीसगावात येऊन जेवा. काचा वर म्हणजे पूर्ण वर. चार बोटं फट ठेवली तर वानराचा हात कोपरापर्यंत आत येतो. प्रसादाचा पुडा हातात मिरवत देवळातून बाहेर येऊ नका. आतच सॅकमध्ये टाका, चेन लावा, सॅक पाठीवर नको, पोटावर घ्या. चष्मा आणि मोबाईल सांभाळा.

वानर जवळ आलं तर त्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही आणि दात दाखवून हसायचं नाही. मुलं नेमकं हेच करतात, आणि वानराच्या लेखी दोन्ही धमक्या आहेत. ते भुवया उंचावतं, डोकं वर-खाली झटकतं, जमिनीवर हात आपटतं किंवा दात कराकरा वाजवतं, तेव्हा ‘मागे हो’ एवढाच त्याचा अर्थ असतो. धाकट्याला उचलून घ्या, बाजूला वळा, रिकामे तळवे दाखवा आणि हळू निघा. पळू नका, दगड मारू नका. मादीच्या आणि तिच्या पिल्लाच्या मध्ये कोणी उभं राहू नका. पिशवी हिसकलीच तर सोडून द्या. ओढाओढीत चावा बसतो, आणि तो बसला तर सहल तिथेच संपते: जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची, हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठून रेबीजची लस सुरू करायची. नुसता नखाचा ओरखडा असला तरीही. रक्त आलेलं असेल तर लसीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिन हे इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. पुढचे डोस चुकवू नका.

वानरांची दुसरी बाजूही मुलांना दाखवा. टोळी शांत बसून पानं खात असेल तर दहा मिनिटं लांब उभे राहा. एखादं वानर नेहमी उंच फांदीवर पहाऱ्याला असतं. त्याने एका दिशेला टक लावून खर्जातलं ‘खक्... खक्’ सुरू केलं, बाकीच्यांनी खाणं थांबवलं, आणि त्याच दिशेने मोर किंवा भेकरही ओरडलं, तर त्या बाजूच्या झाडीत बिबट्या आहे असं धरून चालावं. अशा वेळी बोलणं बंद करून, एकत्र उभं राहून ऐकायचं. बिबट्या दिसणार नाही, पण तो चालतोय तसा आवाज एका झाडावरून पुढच्या झाडावर सरकत जातो, आणि तेवढ्यावरून तो कुठे चालला आहे हे मुलांना कळतं. त्या झाडीत शिरून बघायला जायचं नाही, हे सांगायला नकोच.

बिबट्याबद्दलची भीती अनाठायी नाही. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यातच गिरणा परिसरात बिबट्याने माणसं मारली होती. पण ती शेतशिवारातली गोष्ट होती. दिवसा, सात-आठ जणांच्या बोलत्या घोळक्याकडे बिबट्या येत नाही. धोका असतो तो एकट्या, बुटक्या किंवा वाकलेल्या आकृतीला. म्हणून मुलाला लघवीला झुडपामागे एकट्याला पाठवू नका. मोठं माणूस शेजारी उभं राहू द्या. चालताना मुलं मध्ये, मोठी माणसं पुढे-मागे. समोर आलाच तर मुलाला न वाकता पटकन उचला, सगळे एकमेकांना चिकटून उभे राहा, हात वर करून मोठे दिसा, मोठ्या आवाजात बोला, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. पाठ फिरवून पळणं हीच एक चूक टाळायची असते.

अस्वलाचं वेगळं आहे, आणि खरं सांगायचं तर या रानात मोठ्या जनावरांपैकी जास्त जपायचं ते अस्वलालाच. त्याला नीट दिसत नाही, वारुळात नाक घातलं की ऐकूही येत नाही. माणूस अचानक पुढ्यात आला की ते घाबरून हल्ला करतं. म्हणजे नदीच्या पात्रात, जिथे लांबवर दिसतं, तिथे गप्प राहायचं. पण दाट झाडीच्या, वळणाच्या वाटेवर बोलत, अधूनमधून टाळी वाजवत चालायचं. गुहांच्या आणि कपारींच्या अंधाऱ्या तोंडाशी आधी लांबून आवाज द्या, मग पुढे जा. दिवाळीत नसली तरी मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात तेव्हा झाडाखाली पहाटे अस्वल असतंच असं समजावं. अंगावर आलंच आणि सुटायला जागा नसली तर पोटावर झोपा, बोटं मानेमागे गुंफून मान झाका, सॅक पाठीवर राहू द्या.

आता मधमाश्या. लेण्यांच्या कातळांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळं असतात, आणि खाण्याच्या पिशवीखालोखाल खरा धोका त्यांचाच आहे. वर पाहायची सवय ठेवा: कातळाच्या पुढे आलेल्या कडेखाली काळपट, अर्धगोल, हलणारा पडदा दिसला की त्याच्याखालून जायचं नाही, जोरात बोलायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. त्या दिवशी कोणी अत्तर, डिओ, वासाचं तेल लावू नका. धूर तर अजिबात नको. सिगारेट, उदबत्ती, दिवाळी आहे म्हणून मुलांच्या खिशातली फुलबाजी, सगळं घरी. एखादी माशी डोक्याभोवती घोटाळायला लागली तर हात झटकू नका, सरळ मागे फिरा. मोहोळ उठलंच तर इथे मात्र पळायचंच: ओढणी किंवा शर्टाने तोंड झाकून, मुलाला छातीशी धरून, थेट गाडीत किंवा बंद खोलीत. वाकडंतिकडं धावत बसू नका, पाण्यात उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत थांबतात. आत गेल्यावर काटे नखाने किंवा एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून काढा, जितक्या लवकर तितकं बरं. मुलाला दहापेक्षा जास्त डंख, किंवा कोणालाही ओठ-जीभ सुजणं, दम लागणं, चक्कर येणं यातलं काही झालं तर थेट रुग्णालय, वाटेत थांबणं नाही.

सापांचं थोडक्यात. खडकाळ भागात फुरसं असतं, लहान आणि मातीच्या रंगाचं; बूट आणि जाड मोजे घालून चाला, दगड उचलू नका, हात न दिसणाऱ्या कपारीत घालू नका. दंश झाला तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. अंगठी-कडं काढा, पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि विषरोधक लस मिळेल अशा सरकारी रुग्णालयात न्या. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर लस एकच आहे. १०८ ही रुग्णवाहिका आणि १९२६ ही वनविभागाची हेल्पलाईन. डोंगराच्या आड मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून ड्रायव्हरला रेंज असलेल्या जागी थांबवून ठेवा.

कार्तिकातल्या रानाच्या दोन कटकटी लहान आहेत पण मुलांना रडवतात. एक कुसळी गवत: वाळलेली कुसळं मोज्यात आणि पायघोळ कपड्यांत घुसतात. लोकरी, जाळीदार कपडे नकोत. गुळगुळीत कापडाची पँट, वर ओढलेले मोजे. दुसरी खाजकुयली: वेलीवर तपकिरी मखमली शेंगा दिसतात आणि मूल हात लावतंच. लागली तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढा, म्हणजे केस निघतात, मग पाण्याने धुवा. चिकटपट्टीचा रोल सॅकमध्ये असूच द्या.

पाण्याचं म्हणाल तर हिवाळ्यातही माणशी दोन लिटर. नऊ जणांना वीस लिटरचा एक जार गाडीत आणि प्रत्येकाच्या हाती लिटरभर बाटली. उन्हाळ्यात हा बेत करणार असाल तर दुप्पट न्या आणि अकराच्या आत रानातून बाहेर पडा. खान्देशातलं मे महिन्याचं ऊन वयस्क माणसांनी अंगावर घ्यायचं नसतं.

देवळात साडेनऊच्या सुमारास जा. चंडिकादेवीचं हे दगडी देऊळ उंच जोत्यावर आहे, तिन्ही बाजूंनी डोंगर. नवरात्रात इथे मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत दर्शन छान होतं, पण जनावरांचं नाव काढू नका. कण्हेरगडाच्या पायथ्याशी जुनं महादेव मंदिर आहे. घाईत बरेच जण ते न पाहताच परत जातात. मुलं पाचवी-सहावीच्या पुढची असतील तर पाटण गावाची थोरवी त्यांना इथेच सांगा. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली लिहिला. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. त्यांचे नातू चांगदेव यांनी तो ग्रंथ शिकवला जावा म्हणून पाटणला मठ काढला आणि इथल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. हे सांगणारा शके ११२८चा शिलालेख याच गावचा, आणि तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. गणित शिकवण्यासाठी राजाने दान दिलेलं गाव खान्देशात आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असायलाच हवं. गडाच्या अंगावर नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी ही कोरीव लेणी आहेत. तिथली चढण आजी-आजोबांची नाही.

देवळापाशी दोन गट करा. वडीलधारे आणि एक जण सावलीत, बाकीचे धवलतीर्थाच्या धबधब्याकडे. वाट ओढ्याच्या पात्रातून, गोट्यांवरून जाते. लहान मुलं सोबत असतील तर जायला तासभर धरा. दिवाळीत धार बारीक असते आणि तेच बरं. पावसाळ्यात याच पात्राचा भरवसा नसतो: वर पठारावर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी डोंगरी आणि तितूर नद्यांना आलेल्या पुराने चाळीसगावात किती नुकसान केलं ते बहुतेकांना आठवत असेल. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज वाढला, की सामान सोडून काठ चढा. चपला-बॅग आणायला मागे फिरायचं नाही, आणि गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ओलांडायचं नाही, ओसरेपर्यंत थांबा. कुंडात पोहणं कुठल्याच ऋतूत नको. तळाचे खडक दिसत नाहीत आणि शेवाळावरून पाय सटकतो.

बारापर्यंत सगळे गाडीपाशी. दुपारी रानात थांबून हाती काही लागत नाही. चाळीसगावात या, शेवभाजी-भाकरी जेवा आणि स्टेशनजवळचं छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन बघा. उघडं आहे ना एवढं आधी विचारून घ्या. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षं हा माणूस याच घरात राहिला, क्वचितच बाहेर पडला, आणि टेबलावर छोटं दृश्य मांडून त्याची छायाचित्रं काढण्यात त्याने जगभर नाव कमावलं. सकाळी ठशांचे फोटो काढून आलेल्या मुलांना ती छायाचित्रं दाखवा. प्रकाश कुठून पडलाय ते त्यांना आपोआप दिसतं. पितळखोऱ्याची लेणी बघायचीच असतील तर त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. ती दरीत आहेत, वाहनाची वाट घाट चढून वरच्या पठारावरून आहे आणि खाली उतरायच्या पायऱ्या गुडघेदुखीच्या माणसाला सोसणाऱ्या नाहीत.

चाळीसगाव साडेतीन-चारला सोडा. अंधार पडायच्या आत भडगाव-पाचोरा मागे पडलं पाहिजे, कारण संध्याकाळी रोही आणि रानडुकरं पुन्हा शेतांकडे निघतात, ऊस-मक्याच्या कडेने थेट रस्त्यावर येतात, आणि त्या वेळी ड्रायव्हर पहाटे तीनपासून जागा असतो. जेवणानंतर त्याला अर्धा तास गाडीत झोपू द्या.